मीटिंगचे कपडे केबिन बॅगेतच

हिंजवडी-चाकणहून आठवडाभराच्या कामासाठी स्टुटगार्टला येणारी आपली माणसं निघण्याआधी मला हमखास विचारतात, "कपडे काय आणू?" थंडीचं वगैरे नंतर बोलू, पण मीटिंगचा एक पूर्ण जोड चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका. पुण्याहून टॅक्सीने मुंबई, मग फ्रँकफर्ट, तिथून पुढचं विमान. एवढ्या बदलाबदलीत बॅग मागे राहिली तर मीटिंग काही थांबत नाही. त्यात रविवारी पोचलात तर जर्मनीत कपड्यांची दुकानंही बंद असतात.

लुफ्तान्साच्या इकॉनॉमीत केबिन बॅग 8 किलोपर्यंत चालते, 55×40×23 सेंटिमीटरच्या आत. रिकाम्या ट्रॉलीतच त्यातलं बरंच वजन जातं. म्हणून चामड्याचे बूट पायात आणि ब्लेझर अंगात घालूनच घरातून निघा. (लोणच्याची बरणी केबिन बॅगेत नको, ती सिक्युरिटीलाच काढून ठेवतील.)

पण कपडे चुरगळू न देण्याचं निम्मं काम कापड निवडतानाच होतं. परदेशात थंडी असते म्हणून लक्ष्मी रोडवर जाडजूड सुटिंग घेतलं जातं, ते कशाला? ऑफिसं आतून उबदारच असतात. पातळ वर्स्टेड वूल, म्हणजे विंचरलेल्या लोकरीच्या सुताचं गुळगुळीत कापड घ्या. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा, स्प्रिंगसारखा. दबला तरी पुन्हा सावरतो. रात्री हँगरला लावून बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ दिली की सकाळपर्यंत बऱ्याच सुरकुत्या उतरतात. लिनन मात्र बसल्या जागी चुरगळतं.

दुसरा कोट बॅगेत घालायचाच असेल तर त्याचा एक खांदा उलटा करून अस्तर बाहेर काढा आणि दुसरा खांदा त्या खोळीत नीट बसवा. बाह्या आत राहतात, कोटाची बाहेरची बाजू घासत नाही. मग मधोमध एकच आडवी घडी घाला, आणि घडीच्या पोटात गुंडाळलेला टी-शर्ट ठेवा, म्हणजे तिथे करकरीत रेघ उमटत नाही. ड्रायक्लीनवाल्याकडून कपड्यांवर येतं ते पातळ प्लॅस्टिक टाकून देऊ नका. दोन शर्टांच्या मध्ये ते घातलं की कापड एकमेकांवरून सरकतं, अडकून चुरगळत नाही. पट्टा गुंडाळून शर्टच्या कॉलरमध्ये ठेवला की कॉलरही दबत नाही.

आणि इथल्या बऱ्याच हॉटेलांत खोलीत इस्त्री नसते, रिसेप्शनवर मागावी लागते. चेक-इन करतानाच मागून घ्या, सकाळी ती सगळ्यांनाच हवी असते.