पऱ्हाटीचं गाडीभाडं

वर्ध्याला विदर्भ एक्सप्रेसमध्ये चढलो तेव्हा खांद्यावर कपड्यांची पिशवी होती आणि कडेवर पऱ्हाट्यांचा भारा. पोत्यात त्या निम्म्याच मावल्या. बाकीच्या पोत्याच्या तोंडातून बाहेर डोकावत होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांत अडकत होत्या. घरच्या काट्यावर भारा बारा किलो भरला होता. जागा मात्र दोन माणसांची खात होता. बर्थखाली जाईना, वर ठेवला तर खालच्या बाईंच्या केसांत काड्या पडायला लागल्या. शेवटी दाराजवळ उभा केला आणि स्वतः शेजारी बसलो.

टीसी अकोल्याकडचा निघाला. भाऱ्याकडे बघून म्हणाला, "काका, चूल पेटवायला मुंबईला चालले का?"

"नाही बावा, अभ्यासाला चालल्या त्या."

खरंच होतं ते. पुतणी मुंबईत एमएस्सी करते. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन हा तिच्या प्रकल्पाचा विषय. तिचा फोन आला होता, "काका, येणारच आहात तर दहा-बारा किलो पऱ्हाट्या आणाल का? इथे कुठून मिळणार?" चाळीस वर्षं पऱ्हाट्या उपटतोय, पेटवतोय. कोणी मागितल्याचं हे पहिलंच उदाहरण.

ज्यांच्याकडे कापूस नाही त्यांच्यासाठी सांगतो. कापूस वेचून संपला की शेतात जे वाळकं, लाकडासारखं झाड उरतं ती पऱ्हाटी. हेक्टरी दोन-तीन टन सहज निघते. पूर्वी वर्षभर चुलीत जायची. गॅस आल्यापासून चुलीत कमी जळते आणि धुऱ्यावर जास्त. तशीच उभी ठेवावी तर उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी मुक्काम ठोकते आणि पुढच्या हंगामात पहिल्या फुलापासून हजर होते. म्हणून शेत लवकर मोकळं करा असं कृषी खातंच सांगतं. मोकळं करायचं म्हणजे चिमट्याने उपटायचं, ढीग लावायचा आणि काडी ओढायची. शहरातली माणसं धुराचे फोटो काढून हळहळतात, पण ढीग न्यायला कोणी ट्रॉली घेऊन येत नाही.

दादरला उतरलो. टॅक्सीवाल्याने विचारलं, "झाडू है क्या?" आणि टपावर दोरीने बांधून दिलं. माटुंग्याच्या पाच उद्यानांपाशी पुतणी उभीच होती. मोठ्या झाडांच्या सावलीतले रुंद, शांत रस्ते बघून आपण मुंबईत आहोत हे विसरायला होतं. या एवढ्याशा भागात तंत्रज्ञानाच्या किती संस्था दाटीवाटीने उभ्या आहेत! व्हीजेटीआय आहे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून यूडीसीटीच असलेली रसायन तंत्रज्ञान संस्था आहे, आणि आम्हाला जायचं होतं ती अडेनवाला रस्त्यावरची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे सिरकॉट. १९२४ साली ती सुरू झाली तेव्हा काम होतं देशातल्या कापसाच्या वाणांचं सूत कसं निघतं ते तपासायचं. आजूबाजूला गिरण्यांचं शहर होतं, त्यामुळे प्रयोगशाळा कापसाच्या शेताजवळ न काढता गिरणीजवळ काढली हे त्या काळाला धरूनच होतं. गिरण्या गेल्या, संस्था राहिली.

धाग्याच्या यंत्रांवरून मी भरभर पुढे सरकलो. मला बघायचं होतं ते पऱ्हाटीचं. पुतणीच्या सरांचं पत्र होतं, त्यामुळे माहिती द्यायला एक जण सोबत आले. त्यांनी आधी एक फळी हातात दिली. तपकिरी, गुळगुळीत, कडेला बारीक बारीक चुरा दाबल्यासारखी. "ही तुमची पऱ्हाटी," ते म्हणाले. पऱ्हाटीचे तुकडे करायचे, वाळवायचे, त्यात राळ मिसळायची, थर पसरायचा आणि गरम दाबयंत्रात दाबायचा. झाली पार्टिकल बोर्ड. कपाट करा, टेबल करा. तंतूंच्या बाबतीत पऱ्हाटी कठीण लाकडासारखीच वागते, म्हणून हे जमतं. मी फळीवर नखाने ओरखडा काढून बघितला. निघाला नाही.

मग दुसरी वस्तू. मनगटाएवढ्या नाही, चांगल्या दंडाएवढ्या जाडीचा गोल ओंडका, वीतभर लांब. त्याला ब्रिकेट म्हणतात, बाजारात पांढरा कोळसा. हातात घेतला तर दीडेक किलोचा. वास घेतला, फुटाण्याच्या भट्टीसारखा भाजका. "यात काय चिकटवता?" मी विचारलं.

"काहीच नाही. पऱ्हाटीत लिग्निन असतं, लाकडाला बांधून ठेवणारं द्रव्य. दाब दिला की गरम होऊन तेच मऊ पडतं, गार झालं की घट्ट धरतं. फक्त ओल दहा टक्क्यांच्या आसपास पाहिजे. ओली घातली तर वाफ धरून फुटते."

मी मनातल्या मनात भागाकार केला. दीड किलोचा एक, म्हणजे रात्रभर दाराजवळ उभा ठेवलेला माझा भारा म्हणजे असले आठ ओंडके. तेवढे तर खांद्यावरच्या पिशवीत बसले असते.

गोम सगळी इथेच आहे. पऱ्हाटी हलकी नाही, फुगीर आहे. ट्रॉली काठोकाठ भरली तरी वजन भरत नाही, आणि डिझेल तर ट्रॉली भरली की रिकामी हे बघत नाही. त्या गृहस्थांनीही तेच सांगितलं. यंत्र चालतं, फळी होते, ओंडका जळतो. अडतं ते शेतापासून यंत्रापर्यंत आणण्यात. म्हणून शेतातच बारीक तुकडे करून मग वाहायचे, हा मार्ग. त्यांनी शेवटी सहज विचारलं, "वर्ध्याचे ना? मग नागपूरला आमचं जिनिंगचं केंद्र आहे की. तिथेही विचारता आलं असतं." पुतणी खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणजे घरापासून दीड-दोन तासांवर ज्याची चौकशी झाली असती त्यासाठी मी रात्रभर भाऱ्याशेजारी बसून आलो होतो.

रसायन तंत्रज्ञान संस्था बाहेरूनच बघितली. तिथल्या ऊर्जा-जैवविज्ञान केंद्राने काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढायची पद्धत बसवली आणि २०१६ साली उत्तराखंडात काशीपूरला रोज दहा टन काडी पचवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला. तंत्र माटुंग्याचं, काडी तिकडची. हेही बरोबरच आहे म्हणा. माटुंग्यात काडी आणायची कुठून, माझ्यासारखे किती जण भारे घेऊन येणार?

इडली-कॉफी झाली. भारा पुतणीच्या मैत्रिणीच्या खोलीवर टाकला, रिकामं पोतं सोबत घेतलं आणि वडाळ्याहून मानखुर्दची गाडी पकडली. दुपारची वेळ, बसायला जागा मिळाली. हार्बरचा हा मार्ग मला आवडतो, कारण देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला धावली ती याच मार्गाने. पुतणीने आणखी एक सांगितलं. नव्या लोकलचा चालक ब्रेक लावतो तेव्हा मोटारच जनित्र होते आणि वीज परत तारेत जाते. प्रत्येक स्टेशनात थांबणारी गाडी थांबता थांबता थोडं कमावते म्हणायची. चुनाभट्टी आलं, मी ब्रेकचा आवाज कान देऊन ऐकला. फरक काही कळला नाही.

गोवंडी सोडलं की ट्रॉम्बेची टेकडी दिसते. पलीकडे भाभा अणुसंशोधन केंद्र. आत जायला मिळणार नव्हतंच, मी नुसतं बघून घेतलं. त्याचं कारण वेगळं. आमच्याकडे उडदाचं वाण होतं, टीएयू-१. दुकानात जायचं आणि "टीएयू द्या" म्हणायचं, बस. टी म्हणजे ट्रॉम्बे, ए म्हणजे अकोला, यू म्हणजे उडीद, हे मला पंचविशीत कळलं. किरणांचा मारा करून बियाण्यात बदल घडवायचे, हजारो रोपांतून कामाचं रोप निवडायचं, त्याचा संकर करायचा. हे ट्रॉम्बेचं काम. शेतावरच्या चाचण्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या. १९८५ साली ते वाण आलं आणि आमच्या वडिलांनी त्यानंतर दुसरा उडीद पेरल्याचं मला आठवत नाही. भुईमुगाचं टॅग-२४ तसंच, ट्रॉम्बे-अकोला. किरण दिले म्हणून दाण्यात किरण उरत नाहीत, हे वडिलांना पटवायला मात्र एका कृषी सहायकाला दोन पावसाळे लागले.

टेकडीकडे बघताना मला वाटलं, बी इथून आमच्या गावापर्यंत विनासायास आलं. पाच किलोच्या पिशवीत, दुकानदाराच्या फळीवर. अनुदानाचा फलकही कोणी लावला नाही. पऱ्हाटीची फळी माटुंग्यात कितीतरी वर्षं झाली आहे आणि मला ती आज दिसली.

मानखुर्दला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. इथे संशोधन यंत्रांचं नसतं, शिकण्याचं असतं. पुतणीने आवारात चालता चालता इथल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१८ साली तो निबंधरूपाने छापून आला. प्रश्न असा होता की पर्यावरणाबद्दल इतकी माहिती देऊनही माणूस वागतो तसाच का वागतो. त्यासाठी शहरातल्या लोकांनी मिळून भाजीपाला लावला. अभ्यासातून दिसलं ते असं की करता करता, सोबतीने हात मातीत घालता घालता माणसांची काळजी करण्याची रीत बदलली. आधी पटलं आणि मग केलं, असा क्रम नव्हता. मी म्हटलं, यात काय नवीन, शेतकऱ्याचा पोरगा असाच शेती शिकतो. पुतणी म्हणाली, "तुमच्याकडे शिकतो काका, आमच्या सोसायटीत कोण शिकणार?"

तिची सोसायटी, म्हणजे ती जिथे भाड्याने राहते ती चेंबूरकडची वसाहत. संध्याकाळी मुक्काम तिथेच. जाताना रिक्षावाल्याने घाटकोपरच्या जोडरस्त्याने घेतलं आणि देवनारचा वास आला. तिथे १९२७ पासून शहर आपला कचरा ओततंय. रिक्षातल्या कोणीच काही बोललं नाही.

वसाहतीत निसर्गऋणाचा, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचा, छोटा प्रकल्प आहे. हे तंत्र भाभा केंद्रातलं, शरद काळे यांनी विकसित केलेलं. साध्या गोबरगॅसपेक्षा यात एक पायरी जास्त. ओला कचरा आधी गरम पाण्यासोबत दळून त्याची पातळ खिचडी करायची, मग पहिल्या टाकीत हवा देऊन उष्णतेत जगणाऱ्या जिवाणूंकडून ती अर्धवट पचवून घ्यायची, आणि नंतर मोठ्या बंद टाकीत सोडायची. तिथे बिनहवेचे जिवाणू मिथेन करतात. आधीच पचलेलं असल्यामुळे मोठी टाकी वर साय धरून तुंबत नाही. मला हे फार आवडलं. म्हाताऱ्या माणसाला भात मऊ करून घालावा तसं.

आम्ही गेलो तेव्हा ते बंद होतं. राखणदार मामा हातात पाना घेऊन दळणयंत्र उघडत होते. आत नारळाची करवंटी अडकली होती. भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, करवंटी, हाडं, अंड्याची टरफलं, प्लास्टिक टाकू नये. "रोज एकतरी असतंच," मामा म्हणाले. "सत्यनारायण झाला की तर विचारूच नका." त्यांनी करवंटीचा शेवटचा तुकडा उपसून काढला. त्याच्यासोबत एक चमचा निघाला, स्टीलचा, चांगला. तो त्यांनी धुऊन खिडकीत ठेवला. तिथे आधीचे नऊ-दहा चमचे ओळीने मांडले होते. कोणी ओळखून न्यायला येत नाही म्हणे.

कोपऱ्यात खताची पोती पडून होती. काळं, भुसभुशीत, वास नाही. मी मूठभर घेऊन चोळून बघितलं. "न्या की," मामा म्हणाले, "इथे कुंड्यांना किती लागतंय? उचलतच नाही कोणी."

पऱ्हाट्यांचं पोतं सकाळी रिकामं झालंच होतं. रात्री घरी फोन केला तेव्हा बायको म्हणाली, "येताना पोतं रिकामं आणू नका, चांगलं आहे ते." मग शेजारच्यांनी पऱ्हाट्या पेटवल्याचं सांगितलं आणि आपल्या कधी पेटवायच्या ते विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस थांब, तुकडे करायचं यंत्र भाड्याने कोणाकडे आहे ते बघतो. ती म्हणाली, भाडं किती? मला ते कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत पोतं सीटखाली सहज गेलं, निम्मीच जागा लागली. पोहोचल्यावर बायकोने तोंड सोडून आत हात घातला, बाहेर काढून माझ्याकडे बघितलं.

"अजी, मुंबईहून खत आणलं? आपल्या गोठ्यातलं संपलं होतं का?"