तुम्ही विचारलंत म्हणून: “बाई, त्या सिनेमात दाखवलंय ते खरं का हो?”

एस्टी स्टँडवर, मच्छी मार्केटात, लग्नाच्या मांडवात, कुठेही जुना विद्यार्थी भेटला की ख्यालीखुशाली संपता संपता हा प्रश्न येतोच. 2025 च्या फेब्रुवारीत शंभूराजांवरचा मोठा हिंदी सिनेमा आला आणि तेव्हापासून तर अनोळखी माणसंही विचारायला लागली. चिपळूण परिसरात इतिहास शिकवण्यात माझा जन्म गेला. नाटक-सिनेमाचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. त्यामुळे रस्त्यात उभ्या उभ्या ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मला सुटता येत नाही. आज बसून सांगते.

आधी सरळ उत्तर. मोठ्या घटना बहुतेक खऱ्या असतात. फेब्रुवारी 1689 च्या आरंभी शंभूराजे संगमेश्वरी पकडले गेले, हे खरं. औरंगजेबाचा सरदार मुकर्रबखान कोल्हापूरकडून सह्याद्री उतरून अचानक येऊन ठेपला, हे खरं. राजांचे सोबती कवी कलश बरोबर पकडले गेले, 11 मार्चला हालहाल करून राजांना मारलं, हेही खरं. पण पडद्यावर त्यांच्या तोंडी जी वाक्यं येतात ती लेखकाची. टाळ्या घेणारं एखादं वाक्य म्हणून दाखवून कोणी विचारलं, “हे महाराज म्हणाले होते ना?”, तर मी स्पष्ट नाही म्हणते. आणि फितुरी नेमकी कोणी केली यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. सिनेमाला मात्र नाव लागतं, चेहरा लागतो. मग तेच आडनाव लावणारं एखादं पोर शाळेतून रडवेलं होऊन घरी येतं. मी ते पाहिलंय, आणि त्या दिवशी गणिताचा तास मागून घेऊन वर्गाशी बोलले. तीनशे वर्षांपूर्वीचा संशय आज सहावीतल्या मुलाच्या माथी मारायचा नाही, एवढं तरी इतिहास शिकणाऱ्याला कळायलाच हवं.

आता जरा खोलात जाते, कारण खरी गोष्ट पुढेच आहे. आज पडद्यावर दिसणारे शंभूराजे आमच्या आजी-आजोबांच्या पिढीने पाहिलेच नव्हते. त्यांच्या काळच्या रंगभूमीवरचा संभाजी म्हणजे व्यसनी, उतावळा, बापाचं राज्य घालवून बसलेला मुलगा. हे चित्र आलं कुठून? बरंचसं मल्हार रामराव चिटणीसांच्या बखरीतून, आणि ती बखर राजांच्या मृत्यूनंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी लिहिलेली. नाटककारांना आयता खलनायक मिळाला. तोच प्रेक्षकांच्या मनात बसला.

तो हलवला कागदांनी. पेणला जन्मलेल्या वा. सी. बेंद्रे यांनी आयुष्याची कित्येक वर्षं दप्तरं धुंडाळली आणि 1960 साली संभाजी महाराजांचं चरित्र प्रसिद्ध केलं. पुढे कमल गोखले यांनी त्याच विषयावर मोठं संशोधन केलं. संस्कृतात ग्रंथ लिहिणारा, मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा सगळ्या आघाड्यांवर एकाच वेळी झुंजणारा राजा लोकांपुढे आला. 1962 साली वसंत कानेटकरांच्या नाटकात संभाजीचं काम केलं ते आमच्या चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर यांनी. बापाच्या मायेला आसुसलेला, दुखावलेला मुलगा त्यांनी उभा केला आणि लोक त्या मुलासाठी रडले. ज्याला नावं ठेवत एक पिढी मोठी झाली त्याच्यासाठी पुढची पिढी रडली. त्यानंतर कादंबरी, मालिका, सिनेमा अशी रांग लागली. म्हणून “खरं का?” असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, “लिहिणाऱ्याने कोणते कागद वाचले होते?” पडद्यावरच्या माणसाचं खरेपण तिथे ठरतं. नटाच्या मिशीवर ते ठरत नाही, घोड्यांच्या संख्येवरही नाही.

चेहऱ्याचीही तीच कथा. माझ्या आईच्या मनात शिवाजी महाराज म्हणजे चंद्रकांत मांडरे. भालजी पेंढारकरांच्या 1952 सालच्या चित्रपटातले. माझ्या विद्यार्थ्यांच्या मनात अमोल कोल्हे. आणि एके काळी एका इब्राहिमखानाचंच चित्र शिवाजी महाराज म्हणून छापलं जात होतं, लोक ते भक्तिभावाने भिंतीवर लावत होते. महाराजांचं अस्सल चित्र लोकांपुढे आणलं तेही याच बेंद्र्यांनी, 1933 साली. पेणच्या या माणसाचं आपल्यावर केवढं ऋण आहे, आणि त्याचं नाव किती मुलांना ठाऊक आहे? मी वर्गात दर वर्षी सांगायचे. अजूनही भेटेल त्याला सांगते.

यावरून मी सिनेमा-नाटकाच्या विरुद्ध आहे असं कोणी समजू नये. करमणुकीनेच मला इतिहासाकडे आणलं. लहानपणी शिमग्यानंतर आमच्या वाडीत नमन असायचं, म्हणजे कोकणातलं रात्रभराचं लोकनाट्य. गण, गवळण, मग संकासुर येऊन पोरांना पळवायचा आणि मध्यरात्र उलटल्यावर वग, म्हणजे मुख्य नाटक, सुरू व्हायचा. ऐतिहासिक वग असला की महाराजांचं काम ठरलेल्या एका गड्याकडे. दिवसभर तो शेतात राबणारा. पण वगाच्या दिवशी मासे खायचा नाही, आणि एकदा कपाळावर गंध लावलं की कोणाशी मस्करी करायचा नाही. खळ्यात पेट्रोमॅक्सच्या उजेडात तो आला की म्हातारी माणसंही बसल्या जागी सावरून बसायची. भाड्याने आणलेला जिरेटोप त्याला मोठा व्हायचा, म्हणून आत टॉवेलची घडी घालायचा. ती घडी मी जवळून पाहिली होती, त्याला ती घालताना पाहिलं होतं. तरी तो पुढे आला की मला महाराजच दिसायचे. पुस्तकातला कुठलाही धडा ते करू शकला नाही. त्याच्यामुळे मला प्रश्न पडले, आणि प्रश्न पडले म्हणून मी वाचनालयात गेले.

वाचनालयात मला जे सापडलं ते आजवर एकाही वगात, मालिकेत मनासारखं पाहायला मिळालेलं नाही. माझी तक्रार म्हणा, तळमळ म्हणा, ती ही एवढीच. पडद्यावर महाराज येतात ते लढाईच्या आधी, लढाईत किंवा लढाईनंतर. मधले दिवस कुठे आहेत? राज्य तर मधल्या दिवसांत चालत होतं, आणि त्या मधल्या दिवसांचे कागद आपल्या कोकणातलेच आहेत.

राज्याभिषेकाच्या थोडं आधी लिहिलेलं शिवाजी महाराजांचं एक पत्र आहे. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी फौजेची छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना ते गेलं. त्यात विषय काय? घोड्यांचा दाणा आणि वैरण. आत्ताच मनमानी करून चाराल तर ऐन पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी उपाशी मरतील, म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुमची माणसं कुणब्यांच्या घरून दाणे, गवत, भाजी उचलून आणू लागतील. तसं झालं तर जे कुणबी घर धरून राहिलेत तेही परागंदा होतील, आणि त्यांना मोगलांपेक्षा तुम्ही जास्त वाईट वाटाल. जे हवं ते बाजारातून विकत आणा. आणि मग येतो आगीचा मजकूर. कोणी गवताजवळ चुली पेटवील, कोणी चिलीम ओढील. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल आणि उंदीर जळती वात ओढून नेईल. एका गंजीला आग लागली की सगळ्या गंजी जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या तरी घोड्यांना काडी मिळायची नाही.

उंदीर! सिंहासनावर बसायच्या तयारीतला राजा चिपळूणच्या पेंढ्याची आणि उंदराने नेलेल्या वातीची काळजी करतोय. कोकणात राहणाऱ्या कोणालाही विचारा, पेंढ्याच्या उडवीला आग लागणं म्हणजे काय ते. ज्याने हे लिहिलं किंवा लिहवून घेतलं त्याने असली आग पाहिलेली असणार. हे पत्र पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर महाराज थोर होते, त्या रात्री ते ओळखीचे झाले.

शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी अफजलखानवध ठरलेला. महाराज व्हायला वर्गभर हात वर, खान व्हायला मात्र कोणी तयार नाही. एका वर्षी मी अफजलखान बाजूला ठेवला आणि हे पत्र बसवलं. नवे संवाद लिहिले नाहीत. कारकून झालेली मुलगी पत्रच वाचत होती, आणि ती वाचेल तसं बाकीची मुलं करत होती. कोणी कुणब्याच्या परसातली भाजी उपटत होता, कोणी चिलीम ओढत होता. उंदीर झाला होता पाचवीतला सगळ्यात लहान मुलगा. पाठीला सुतळीची शेपटी, दातांत कापसाची वात, वातीच्या टोकाला नारिंगी जिलेटिन कागदाची ज्योत. तो रांगत रांगत गवताच्या भाऱ्यापाशी पोचला आणि मागच्या रांगेतून एक आजी ताडकन उठून ओरडल्या, “अरे, बघताय काय? इझवा ती आधी!” मग सगळा मांडव बोलायला लागला. कोणाच्या मांगरात कधी आग लागली, कोणाची उडवी कशी गेली. कार्यक्रम तिथेच अर्धा तास थांबला, आणि मला वाटलं, थांबू दे.

दुसरं पत्र 5 सप्टेंबर 1676 चं. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं. आजचं प्रभानवल्ली, लांजा तालुक्यातलं. त्यात म्हटलंय की रयतेच्या भाजीच्या देठालासुद्धा मन दाखवू नकोस. हे वाक्य लोकांना ठाऊक असतं. पुढचं फारसं कोणी वाचत नाही. गावोगाव फीर, कुणबी गोळा कर. ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल-नांगर नाही त्याला बैलांसाठी रोख पैसे दे, पोटाला खंडी-दोन खंडी दाणे दे, आणि वसूल करताना वाढीदिडी न लावता फक्त मुद्दल, तेही त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू घे. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना मी हे वाचून दाखवायचे तेव्हा त्यांना काही समजावून सांगावं लागायचं नाही.

मारामारीच हवी असेल तर आपल्याकडे खांदेरी आहे. 1679 साली थळसमोरच्या बेटावर मायनाक भंडाऱ्याने किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी बेटाला वेढा घातला. इंग्रजांची जहाजं मोठी, वाऱ्याच्या मर्जीवर चालणारी. आपल्या होड्या लहान, वल्ह्यांनी चालणाऱ्या, रात्रीच्या अंधारात उथळ पाण्यातून सामान घेऊन निसटणाऱ्या. एकीकडे तोफा, एकीकडे भिंतीवर चढत जाणारा दगड. शेवटी किल्ला उभा राहिला आणि इंग्रज माघारी गेले. यातले वीर भंडारी आहेत, कोळी आहेत, गवंडी आहेत. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात हे नाटक लावलं तर वल्ही कशी मारायची ते नटांना शिकवावं लागणार नाही.

आणखी एक जण हमखास विचारतो, “मग पोरांना सिनेमा दाखवू की नको?” दाखवा. फक्त शेवटचा छळाचा भाग लहान मुलांना दाखवू नका. थिएटरात घाबरून आईच्या मांडीत तोंड खुपसलेली पोरं मी पाहिलीत. राजा कसा मेला हे त्यांना नंतरही कळेल. सिनेमा पाहून आल्यावर शंभूराजांना पकडलं त्या संगमेश्वराजवळच्या कसब्याला जरूर जा. हल्ली तिथे येणारे लोक “पकडलं ती जागा कुठली?” एवढंच विचारतात, फोटो काढतात, निघतात. तसं करू नका. कर्णेश्वराचं देऊळ सावकाश पाहा, त्याच्या दगडावरचं काम मुलांना दाखवा. शास्त्री आणि सोनवी मिळतात तिथे थांबा. चारी बाजूंना डोंगर कसे आहेत ते पाहिलं की खानाची फौज जवळ येईपर्यंत कशी कळली नसेल ते आपोआप समजतं.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 पासूनचं. 22 जुलै 2021 च्या पुरात तिथली पुस्तकं पाण्यात गेली, तरी ते पुन्हा उभं राहिलंय. तुमच्या गावाजवळ जे वाचनालय असेल तिथे जाऊन शिवकालीन पत्रांचं पुस्तक मागा आणि घरी रामाजी अनंतांचं पत्र मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. फार वेळ लागत नाही. भाषा जुनी आहे, एखाददुसरा शब्द अडेल. अडला तर संध्याकाळी मी घरीच असते. पत्र घेऊन या, मुलांनाही आणा, आपण बसून वाचू.