सूर चढला की समजायचं

२०२३ सालच्या पवित्र शनिवारी, म्हणजे ८ एप्रिलला, दुपारच्या जेवणानंतर माझं आणि आईचं वाजलं. ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये होणाऱ्या जागरणविधीला तिला न्यायचं की नाही, यावरून. "दिसत नाही तर रात्रीच्या गर्दीत धक्के खायला कशाला यायचं?" असं मी बोलून गेले आणि लगेच जीभ चावली. आई रागावली नाही. म्हणाली, "मला न्यायचं म्हणून तरी तू जाशील, बाय. नाहीतर घरीच बसशील."

तिने बरोबर ओळखलं होतं. मलाच जायचं नव्हतं.

आईला काचबिंदू. हा आजार नजर कडेकडेने खात आत येतो, त्यामुळे समोरचं दिसत असतं तोवर माणसाला पत्ताच लागत नाही. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, आम्ही म्हणायचो वय झालं. चहा कपाबाहेर पडायला लागला तेव्हा डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखायची, असं त्यांनी सांगितलं. आम्ही राखायचा प्रयत्न केला. २०२२च्या पावसाळ्यानंतर राखण्यासारखं काही उरलं नाही. त्यानंतर रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, गीतामध्ये 'प्रकाश' हा शब्द आला की माझे ओठ आपोआप मिटायचे. आणि पवित्र शनिवारची रात्र तर सगळी प्रकाशाचीच.

तरी गेलो. रिक्षातून उतरल्यावर आईने माझा दंड धरला. आमच्या वसईत चर्चच्या आवारात झावळ्या, करवंट्या आणि नारळाची सोडणं रचून नवा अग्नी पेटवतात. दिवे सगळे मालवलेले. करवंटी तडकली तशी आई म्हणाली, "पेटला." मग तोंड त्या बाजूला वळवून उभी राहिली. धग तिच्या गालांवर येत होती, आणि ती मला दिसत होती.

फादरांनी पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, मोठ्या मेणबत्तीवर क्रूस कोरला, वर आल्फा, खाली ओमेगा, ही ग्रीक लिपीतली पहिलं आणि शेवटचं अक्षरं, आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत चालू वर्षाचे चार आकडे. मग धुपाचे पाच खडे टोचले, ख्रिस्ताच्या पाच जखमांसाठी. हे सगळं मी आईच्या कानाशी सांगत होते. ती म्हणाली, "ठाऊक आहे. तू आता गप ऐक."

आईचा जन्म १९४२चा. तिच्या लहानपणी हा विधी रात्री होतच नव्हता! शतकानुशतकं तो मागे सरकत सरकत शनिवारच्या सकाळवर आला होता. 'हीच ती रात्र' असं लॅटिनमध्ये गायचे आणि खिडक्यांतून ऊन आत यायचं. तेव्हा वेताच्या काठीला तीन मेणबत्त्या लावलेल्या असायच्या, एकेक करून पेटवायच्या. आईला त्यांतलं एवढंच आठवतं की ज्योत कुठली ते उन्हात नीट कळायचंच नाही. पोप बारावे पायस यांनी १९५१ मध्ये हा विधी प्रयोग म्हणून रात्री करायला परवानगी दिली आणि १९५६ पासून तो सगळीकडे रात्रीच होऊ लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या त्या मोठ्या सभेनंतर, विधीत लॅटिनच्या जागी मराठीही आली. पहिल्यांदा रात्री गेली तेव्हा, आई सांगते, अंधारात ती एक ज्योत बघून तिला रडू आलं होतं. म्हणजे अंधारात ज्योत पाहण्याचं सुख माझ्या आईला जन्मापासून मिळालेलं नाही, ते तिला मध्येच मिळालं आणि पुढे डोळ्यांदेखत गेलं. हे माझ्या मनात आलं आणि घसा दाटला.

मेणबत्ती दारात आली. फादर गायले, "ख्रिस्ताचा प्रकाश." आम्ही म्हणालो, "देवाला धन्यवाद." आई पुटपुटली, "दारात आहे." थोड्या वेळाने पुन्हा, जरा वरच्या सुरात. "मध्यावर आली," आई म्हणाली. तिसऱ्यांदा सूर आणखी चढला. "आता वेदीपाशी."

मी विचारलं, "तुला कसं कळतं?"

"प्रत्येक वेळी सूर चढवतात ना. सूर चढला की समजायचं, पुढे आली."

चाळीस वर्षं मी हा विधी बघते आहे. तीन हाका चढत्या सुरात असतात हे मला कधी ऐकूच आलं नव्हतं. मी बघत होते.

त्या रात्री बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं वाचन नसतं, पण मला तेच आठवत राहिलं. पहिल्या अध्यायात तो म्हणतो, अंधाराने प्रकाशाला ग्रासलं नाही. 'ग्रासणं' हा आपल्याकडे ग्रहणाचा शब्द. मूळ ग्रीक क्रियापदाचे दोन अर्थ होतात, कवेत घेऊन काबीज करणं आणि आकलन होणं. अंधाराला प्रकाश गिळता आला नाही आणि कळलाही नाही. मला त्या वाक्याचे काळ महत्त्वाचे वाटतात. प्रकाश चमकतो, हा वर्तमानकाळ. ग्रासलं नाही, हा भूतकाळ. आणि प्रकाश कुठे चमकतो? अंधारात. अंधार निघून गेला असं योहान तिथे म्हणत नाही. त्या वर्षी मला नेमकं हेच हवं होतं, कारण आमच्या घरातला अंधार जाणार नव्हता. ज्या श्रद्धेला तो जाण्याचीच अट आहे, ती मला धरता येत नव्हती. ही धरता आली.

पास्काच्या मेणबत्तीवरून ज्योत माणसामाणसातून मागे येऊ लागली. भीतीपोटी मी आईसाठी मेणबत्ती घेतलीच नव्हती. लुगड्याचा पदर, हातांचा थरथराट. "माझी कुठे आहे?" तिने विचारलं. मी माझी तिच्या हातात दिली आणि खालून माझा तळहात धरला. पुठ्ठ्याच्या चकतीवर मेण ओघळलं, थोडं तिच्या बोटांवर पडलं. तिने हात हलवला नाही.

पंख्याच्या वाऱ्याने पुढच्या बाकावरच्या एका मुलाची ज्योत विझली. तो मागे वळला. आईला दिसत नाही हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. "आजी, माझी विझली." आई म्हणाली, "मी सरळ धरते, तू तुझी वाकव." अगदी बरोबर सांगितलं तिने, पेटती कधी वाकवायची नाही, मेण सांडतं. त्याची पेटली. तो पुढे वळला. आईने मला विचारलं, "लागली का त्याची?"

"लागली."

मग बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातलं पहिलं वाचन सुरू झालं, प्रकाश होवो असं देव बोलला ते. पुढे लाल समुद्र, संदेष्टे. ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या, दिवे लागले. मी गायले. सगळी कडवी गायले.

बाहेर आलो तेव्हा चंद्र बराच वर आला होता, पौर्णिमेला दोनच दिवस झाले होते. रिक्षात आई बोटांवरचं मेण नखाने काढत होती आणि गोळी करून मुठीत ठेवत होती. घरी पोहोचायला मध्यरात्र उलटून गेली. मी तिची गादी घातली, दिवा मालवायला हात लावला, तेवढ्यात ती म्हणाली, "माझे थेंब राहिले."

डोळ्यांतला दाब वाढून दुखू नये म्हणून ते थेंब अजून घालावे लागतात. मी बाटली आणली. तिने मान मागे टेकवली आणि डोळे उघडे धरले.