थिएटरच्या दारापाशी पाच तास

आईच्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले आणि आता ती काठी टेकत परसापर्यंत जाते. तरीही बेळगावच्या एका रुग्णालयात ऑपरेशन थिएटरबाहेर काढलेले ते पाच तास आठवले की मला अजूनही संताप येतो.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या मांडीच्या हाडाची मान मोडली. या वयात अंथरुणाला खिळून राहिले तर न्यूमोनिया होण्याची आणि पाठीला जखमा पडण्याची भीती असते, म्हणून अशी शस्त्रक्रिया शक्यतो एक-दोन दिवसांतच उरकतात. सरकारी दवाखान्याचे पत्र, बीपीएल रेशनकार्ड आणि आधार दाखवल्यावर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेची मंजुरी दुसऱ्याच दिवशी आली. या योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, त्यामुळे पैशांची काळजी मिटली.

सकाळी साडेआठला आईला आत नेले. त्याआधी सिस्टरनी साबणाच्या पाण्याने तिच्या हातांतल्या हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवल्या, कवळी काढून डबीत ठेवली आणि मंगळसूत्रासह सारे माझ्या रुमालात बांधून दिले. "दीड तास लागेल," एवढेच आम्हाला सांगण्यात आले, आणि पुढचा सगळा मनस्ताप या तीन शब्दांमुळे झाला.

दहा वाजले, साडेदहा वाजले. खिडकीवर चौकशी केली तर "इन्नू आगिल्ल", म्हणजे अजून झालेले नाही, एवढेच उत्तर मिळाले. अकराला पुन्हा गेले, तेव्हाही तेच. दीड तासाचे काम अडीच तास झाले तरी संपत नाही म्हटल्यावर मनात काय काय येते, ते त्या बाकावर बसलेल्यालाच कळेल. वहिनींनी जप सुरू केला. दादा रक्तपेढीत गेला होता. मी दाराच्या गोल काचेतून आत पाहण्याचा प्रयत्न करत होते. दिसत होते ते हिरव्या पडद्याचे टोक आणि एक रिकामे स्ट्रेचर.

पावणेबाराच्या सुमारास दार उघडून कोणीतरी "पेशंट कडेयवरु यारू?", म्हणजे पेशंटकडचे कोण, असे विचारले आणि एक नाव पुकारले. आम्ही आडनावाची वाट पाहत होतो. केसपेपरवर मात्र आडनाव गळून आईचे नाव आणि गावाचे नाव एवढेच चढले होते. कन्नड धाटणीने घाईत उच्चारलेले ते नाव आमचेच आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात आले नाही. दार बंद झाले. शस्त्रक्रिया नीट पार पडली हे सांगायला आलेले डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले, आणि आम्ही आणखी पावणेदोन तास देवाचा धावा करत बसलो.

खरे काय घडले ते दीड वाजता आईला बाहेर आणल्यावर समजले. आधीच्या पेशंटचे काम लांबल्याने आईला दहा वाजेपर्यंत आतल्या खोलीत नुसते निजवून ठेवले होते. शस्त्रक्रिया साडेअकराला संपली, आणि कमरेत दिलेल्या इंजेक्शनने बधिर झालेले पाय हलू लागेपर्यंत तिला देखरेखीखाली ठेवले होते. यात गैर काहीच नव्हते. पण माझा फोन नंबर तीन अर्जांवर लिहून घेतला होता, आणि त्या नंबरवर एक फोन करावा असे कोणालाही वाटले नाही, हे मला आजही पटत नाही.

म्हणून ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना माझे सांगणे आहे, की "किती वाजता सुरू होईल, किती वाजता संपेल आणि वॉर्डात कधी आणाल" असे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा, कारण डॉक्टर सांगतात तो वेळ सहसा चिरफाडीपासून टाक्यांपर्यंतचा असतो. केसपेपरवर नाव कसे चढले आहे ते स्वतः वाचा, आणि कन्नड येत नसेल तर ते कसे पुकारतील हे सिस्टरकडून म्हणून घ्या. चहाला सगळ्यांनी एकदम उठू नये. संमतिपत्र कन्नड-इंग्रजीत होते. ते समजणाऱ्या भाषेत ऐकून घेणे हा आपला हक्क आहे, आणि आम्ही विनंती केल्यावर एका सिस्टरनी ते मराठीत नीट समजावूनही सांगितले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

रक्ताचे सांगायचे राहिलेच. दाता १८ ते ६५ वयाचा आणि किमान ४५ किलो वजनाचा लागतो, हिमोग्लोबिन १२.५ असावे लागते, आणि पोटात काही असावे लागते. आमचा भाचा भल्या पहाटे उपाशीपोटी निघून आला होता. त्याला आधी नाश्ता करायला परत पाठवले.

आणि एक जाड शाल हाताशी ठेवा. त्या इंजेक्शननंतर पुष्कळांना हुडहुडी भरते. आईचे अंग थडथड कापत होते आणि आमच्याकडे पांघरायला वहिनींच्या पदराखेरीज काही नव्हते. तशा थंडीतही तिने मला पहिला प्रश्न विचारला तो, "कायतरी खाल्लीस काय?" मी रुमाल सोडून तिच्या बांगड्या एकेक करून पुन्हा हातात चढवल्या.