लंडनमधला चिटाचा पलंग

साउथ केन्सिंग्टन स्टेशनापासून एक लांबलचक भुयारी वाट थेट संग्रहालयांपर्यंत जाते. बाहेर पाऊस लागला होता, म्हणून ताई आणि मी त्या वाटेनंच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिरलो. मला एकच वस्तू बघायची होती: डेव्हिड गॅरिक या नटाचा पलंग.

गॅरिक म्हणजे अठराव्या शतकातल्या लंडनच्या रंगभूमीवरचं सर्वांत मोठं नाव. थेम्सकाठी हॅम्प्टनला त्याचं घर होतं आणि तिथल्या शयनगृहासाठी थॉमस चिपेंडेल या नामांकित कारागिरानं 1775 च्या सुमारास हा चार खांबांचा पलंग केला. लाकडावर पांढरा आणि हिरवा रंग आहे. पण मी लाकूड बघायला आले नव्हते. या पलंगाच्या पडद्यांसाठी जे कापड आलं, ते आंध्रच्या किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणचं, हातानं रंगवलेलं. कलकत्त्याला नाटकगृह उभं करायला गॅरिकनं मदत केली, त्याची परतफेड म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी ते त्याच्या बायकोला भेट पाठवलं.

लंडनला पोचताच जकातवाल्यांनी ते जप्त केलं. कारण हे कापड इंग्लंडमध्ये वापरणं बेकायदा होतं! तिथले लोकर आणि रेशीम विणणारे इतके हवालदिल झाले होते की भारतातलं रंगीत सुती कापड आणून वापरण्यावर 1701 पासून बंदी आली. 1721 मध्ये ती आणखी आवळली; कपड्यांना नाही आणि घरातल्या पडद्या-गाद्यांनाही नाही. 1774 मध्ये कायदा सैल झाला, तोही इंग्लंडमध्येच तयार झालेल्या सुती कापडापुरता. गॅरिकनं सरकारी खजिन्यातल्या एका बड्या अधिकाऱ्याला पत्र लिहून बायकोचं दुःख सांगितलं, विनवण्या केल्या. शेवटी ते कापड पलंगावर चढलं.

ताई म्हणाली, "अगं, हे तर आपलं चीट!"

मला तेच हवं होतं. आजीचं चिटाचं पोलकं आम्ही दोघींनी लहानपणी पाहिलंय. ज्याला इंग्रज चिंट्झ म्हणतात, ते आपल्याच छीट-चिटाचं रूप. आणि पलंगावर घालायच्या मोठ्या रंगीत चादरीला ते पॅलमपोर म्हणायचे. आपला पलंगपोसच तो.

शेजारच्या काचेत अशाच कापडाचा एक तुकडा होता. त्यापाशी मी बराच वेळ वाकून उभी होते. पानं निळी होती. चितारणाऱ्यानं ती निळी काढलेली नसणार. हिरवा रंग आणायचा तर आधी नीळ आणि मग तिच्यावर हळदीसारखा पिवळा हात फिरवायचा. दोन-अडीचशे वर्षांत पिवळा उडून जातो आणि नीळ तेवढी उरते. लाल मात्र तसाच, जणू काल धुऊन वाळत घातलाय. त्याचं गुपित रंगवण्याच्या पद्धतीत आहे. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. मग बांबूच्या कलमानं लाल फुलांच्या जागी तुरटीचं पाणी लावायचं. त्या वेळी फूल नीटसं दिसतही नाही! चाय (चहा नव्हे) नावाच्या झुडपाच्या मुळांबरोबर कापड उकळलं, की जिथे तुरटी तिथेच लाल उमटतो. निळ्यासाठी बाकीचं सगळं कापड मेणानं झाकून नीळीत बुडवायचं. काळ्या रेषा लोखंडाच्या पाण्याच्या. एका पडद्याला किती हात, किती ऊन, किती धुणं लागलं असेल! सुतावर धुऊनही टिकणारा असा लाल युरोपला पुष्कळ काळ जमत नव्हता.

त्या तुकड्याच्या एका कडेला जोड होता. फुलाची एक पाकळी शिवणीत अर्धी गेलेली, आणि पलीकडे दुसऱ्याच वेलीचं देठ सुरू झालेलं. कुणीतरी मोठ्या कापडातून हे कापून घेतलं असणार. अशी चिटं तिकडे कुणी टाकून देत नसे. झग्याचे पडदे होत, पडद्यांची अस्तरं होत आणि शेवटी अगदीच चिंध्या झाल्या की त्यातली फुलं, पक्षी कात्रीनं कापून साध्या कापडावर टाचत आणि त्याची रजई करत. ती शिवण बघताना मला फार भरून आलं. किती जपून टाके घातले होते, आपल्या बायका गोधडीला घालतात तसेच.

संध्याकाळी आईला फोन केला. आजीच्या त्या पोलक्याचं काय झालं, विचारलं. "अगं, ते गोधडीत गेलं ना. माळ्यावरच्या ट्रंकेत आहे बघ ती. काढून मशीनमध्ये टाकू का, तू येईपर्यंत?"

मी म्हटलं, नको. हात लावू नकोस, मी आले की दोघी मिळून उघडू.