पदूकाचं क्विल्ट म्युझियम आणि एप्रिलचा क्विल्ट वीक: जाणार असाल तर हे वाचून जा

ज्यांना शिवणकामाची थोडीफार आवड आहे आणि ज्यांचं अमेरिकेत येणं-जाणं आहे त्यांनी केंटकीतल्या पदूकाला एकदा तरी जावंच. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीसारखंच, कापडाचे तुकडे जोडून आणि मधे कापूस घालून शिवलेलं. बक्षीस मिळालेले क्विल्ट मी फोनवर झूम करकरून खूप पाहिले होते, रंग बघून हरखून जायचे, पण समोर उभं राहिल्यावर कळतं की फोटोत रंग आणि डिझाइन तेवढं येतं. परीक्षक ज्याच्यासाठी वाकून वाकून बघतात ते टाक्यांचं काम, कापडाला आलेला उठाव, कडेची सफाई, यातलं काहीच फोटोत येत नाही.

गाव तसं लहान, साधारण २७ हजार वस्ती, ओहायो आणि टेनेसी या नद्या जिथं मिळतात तिथं वसलेलं. बिल आणि मेरेडिथ श्रोडर या जोडप्यानं १९८४ मध्ये अमेरिकन क्विल्टर्स सोसायटी इथं सुरू केली, १९८५ पासून दरवर्षी एप्रिलमध्ये स्पर्धा आणि प्रदर्शन भरायला लागलं (तोच हा क्विल्ट वीक), जिंकलेले क्विल्ट साठत गेले आणि ते ठेवायला १९९१ मध्ये म्युझियम उभं राहिलं. २००८ मध्ये त्याला नॅशनल क्विल्ट म्युझियम असं नाव मिळालं. २०१३ मध्ये युनेस्कोनं पदूकाला हस्तकला आणि लोककलेचं सर्जनशील शहर म्हणून निवडलं, आणि हे नुसतं पाटीवरचं नाव नाही, एप्रिलमध्ये गेलात तर हॉटेलातल्या नाश्त्याच्या टेबलापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे क्विल्टच्याच गप्पा चाललेल्या असतात.

जायचं कसं ते आधी सांगते. सोपा रस्ता म्हणजे नॅशव्हिलला विमानानं उतरायचं, गाडी भाड्यानं घ्यायची आणि आय-२४ हा महामार्ग धरून वायव्येला निघायचं, दोन-सव्वादोन तासांत पोचता. सेंट लुईसहून अजून थोडं लांब पडतं. गाडी हवीच, कारण कापडाची दुकानं, प्रदर्शनाची जागा आणि राहायची ठिकाणं पांगलेली आहेत. अजून एक, पदूका सेंट्रल टाइममध्ये आहे आणि त्याच राज्यातलं लुईव्हिल ईस्टर्नमध्ये, त्यामुळे तिकडून गाडीनं येत असाल आणि वर्कशॉपची वेळ घेतलेली असेल तर घड्याळाचा हिशोब आधीच करून ठेवा.

आता कधी जायचं. शांतपणे, गर्दी नसताना, एकेका क्विल्टसमोर वेळ घालवायचा असेल तर एप्रिलचा क्विल्ट वीक सोडून कधीही जा, म्युझियम वर्षभर असतं (सुट्टीचे वार आणि वेळा निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा, हंगामाप्रमाणे बदलतात). पण क्विल्टची मागची बाजू बघायची असेल, बनवणाऱ्यांशी बोलायचं असेल, तर मात्र एप्रिलच. त्या आठवड्याची हॉटेलं काही जण आदल्या वर्षीच बुक करून जातात, म्हणून गावातले बरेच लोक आपल्या घरातल्या खोल्या भाड्यानं देतात. आम्हीही, म्हणजे मी आणि माझी मावशी, तसंच राहिलो आणि ते फार बरं पडलं, कारण घरच्या बाई स्वतः क्विल्ट करणाऱ्या आणि रोज सकाळी आज काय बघा, काय सोडा हे त्याच सांगायच्या.

म्युझियमच्या लॉबीतच एक जण तुम्हाला थांबवतो, फ्रेझर स्मिथचा ‘फ्लोटिंग’. लांबून अगदी मऊ, घड्या पडलेला क्विल्ट टांगलाय असं वाटतं आणि तो चक्क लाकडात कोरलेला आहे. मावशी जवळ जाऊन कड निरखत राहिली, शेवटी म्हणाली, “अगं, टीप पण कोरलीये बघ.” तिथं दोन मिनिटं घालवाच.

आत गेल्यावर मी जिच्यासाठी एवढं आले होते ती कॅरल ब्रायर फालर्टची ‘करोना #२: सोलर एक्लिप्स’ भिंतीवर होती. म्युझियमकडे सहाशेच्या वर क्विल्ट आहेत आणि उजेडानं रंग उडू नये म्हणून ते आलटून पालटून लावतात, त्यामुळे तुमचा आवडता त्या दिवशी असेलच असं धरून जाऊ नका, एखाद्याच क्विल्टसाठी लांबून येत असाल तर आधी फोन करून विचारा. तर ही करोना, म्हणजे खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणारं तेजोवलय. मधे काळा गोल आणि त्याच्याभोवती उसळलेल्या ज्वाळा, पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल, मग जांभळ्याकडे जाणाऱ्या. कापड तिनं स्वतः रंगवलेलं, छटा एकातून एक निघत जाव्यात म्हणून. जवळ गेलं की कळतं की ज्वाळेचा प्रत्येक तुकडा अखंड कापडाचा नाहीच, अरुंद पट्ट्या एकीला एक जोडून आधी कापड तयार केलंय, त्यातून आकार कापलेत आणि मग ते वळणदार आकार एकमेकांना जोडलेत. वळणावर दोन कापडं जोडताना एक आत वळतं, एक बाहेर, जरा ओढलं गेलं की चुणी पडते आणि सगळी कड उचलते. इथं एवढी वळणं असून क्विल्ट भिंतीला सपाट बसलाय, कुठे झोल नाही. मी कितीतरी वेळ तिथंच होते.

या क्विल्टला १९८९ मध्ये सोसायटीच्या स्पर्धेचं सर्वोच्च बक्षीस मिळालं आणि तिथं हा मान मिळवणारा मशीननं क्विल्टिंग (म्हणजे वरचं कापड, कापूस आणि अस्तर एकत्र धरणारी टीप) केलेला तो पहिला. तोवर हाताच्या धावदोऱ्यालाच खरं क्विल्टिंग मानायचे, मशीन म्हणजे घाईचं काम असा समज होता, त्यामुळे पुष्कळ जणांना हा निकाल रुचला नाही. मला विचाराल तर परीक्षकांनी बरोबरच केलं. मशीनच्या टिपेत लपायला जागा नसते, एक टाका लांब झाला की तो तिथं कायमचा दिसतो.

हे पटत नसेल तर डायन गॉडिन्स्कीचं काम लावलेलं असेल तेव्हा बघाच. साधं घरगुती मशीन, खालचे दाते उतरवून ठेवायचे म्हणजे कापड आपोआप पुढे सरकत नाही, आणि मग दोन्ही हातांनी कापड हवं तसं फिरवत पिसं, वेली, जाळ्या काढायच्या, याला फ्री मोशन म्हणतात. तिनं अगदी बारीक रेशमी दोरा वापरला, सुती कापडावर तो दोरा दिसतच नाही, दिसतो तो फक्त कापडाला पडलेला खळगा आणि बाजूला फुगलेलं पीस. या कामासाठी तिनं मशीन वर्कमनशिपचं, म्हणजे मशीनवरच्या कारागिरीचं, बक्षीस एकदा नाही, अनेकदा घेतलंय. असं काम समोरून बघून पुढे जाऊ नका. भिंतीच्या कडेला, जवळपास समांतर उभे राहा आणि तिरकं बघा, उजेड बाजूनं पडला की सपाट वाटणारं कापड एकदम उठून येतं. प्रत्येक चांगल्या क्विल्टसमोर मी हेच करत होते, आधी लांबून, मग हातभर अंतरावरून, मग तिरकं. आणि हात पाठीमागे बांधून ठेवा, बोटांचं तेल कापडाला लागतं, स्पर्शाला सक्त मनाई आहे. फोटोचं प्रत्येक प्रदर्शनात वेगळं असू शकतं, शिरतानाच विचारून घ्या.

प्रेरणा कुठून कुठून येतात ते बघायला सू निकल्स आणि पॅट हॉली या बहिणींचा ‘द बीटल्स क्विल्ट’ छान, १९९८ चा सर्वोच्च बक्षीसवाला. जुन्या पारंपरिक ॲप्लिके (कापडाचे आकार कापून दुसऱ्या कापडावर शिवलेल्या) क्विल्टची मांडणी आणि त्यात भरलेला विषय आपल्या तरुणपणीचा बँड! मला हे फार आवडलं, कारण परंपरेचा विषय परंपरेतलाच हवा हा हट्ट त्यांनी सोडला आणि कारागिरी मात्र तसूभर सोडली नाही.

आता प्रदर्शनाबद्दल. हाताचं काम, घरगुती म्हणजे जागेवरच्या मशीनचं काम आणि चौकटीवर सरकणाऱ्या मोठ्या मशीनचं काम यांची कारागिरीची बक्षिसं वेगवेगळी असतात, ते लक्षात घेऊन बघा, नाहीतर तुलना चुकते. सर्वोच्च बक्षीस आणि कारागिरीची मोठी बक्षिसं ही खरेदीची बक्षिसं, म्हणजे पैसे घेतले की क्विल्ट म्युझियमचा झाला. क्विल्ट स्वतःकडेच हवा असेल तर बक्षिसाच्या रकमेवर पाणी सोडावं लागतं. काही वर्षं सर्वोच्च बक्षीस २०,००० डॉलरचं होतं, तरी असा क्विल्ट करायला लागणारी वर्षं मोजली तर पैशासाठी कुणी हे करत नसणार.

पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका हॉलमध्ये फिरत असतात, त्यांना विनंती केली की त्या कड उचलून मागची बाजू दाखवतात. हे न लाजता प्रत्येक आवडलेल्या क्विल्टला विचारा. मावशीनं तर पहिल्या रांगेतच सुरू केलं, “मागची बाजू दाखवा म्हणावं त्यांना,” आणि त्या बाई इतक्या खूश झाल्या की पुढचे क्विल्ट स्वतःहून उलटून दाखवायला लागल्या. मागे काय बघायचं? दोऱ्याचा ताण. बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा वर ओढला गेला तर पुढे बारीक ठिपके दिसतात, वरचा खाली गेला तर मागे. टीप कुठे सुरू झाली, कुठे संपली हे शोधून बघा, चांगल्या कामात सापडत नाही. मग कडेचा गोट, आतला कापूस अगदी काठापर्यंत भरलेला हवा, पोकळ गोट परीक्षकांना चालत नाही, आणि कोपरे काटकोनात, तिथली तिरपी घडी हातानं टाचलेली. वळणदार कड असली तर गोट उरेब कापडाचा असतो, सरळ धाग्याचा तिथं बसतच नाही. आणि क्विल्टिंग सगळीकडे सारखं दाट आहे का, कारण मधे दाट आणि कडेला विरळ असलं की कडा लाटांसारख्या होतात. हाताच्या कामात इंचाला दहा-बारा टाके सारख्या लांबीचे, पुढे जेवढा तेवढाच मागे. हे सगळं एकदा माहीत झालं की एखाद्याला पहिलं आणि शेजारच्याला तिसरं का, ते निकालाची चिठ्ठी न वाचताही बऱ्याचदा कळतं.

क्विल्टशेजारची माहितीची पाटी पण वाचा, विशेषतः तुकडे जोडले कुणी आणि क्विल्टिंग केलं कुणी ते. आता दोघींनी मिळून केलेलं असेल तर दोघींचं नाव लागतं. पूर्वी असं नव्हतं आणि त्याची सगळ्यात वाईट गोष्ट याच केंटकीतली आहे. १९३३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळ्याच्या निमित्तानं सिअर्स कंपनीनं राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा घेतली, २४ हजारांहून जास्त क्विल्ट आले, मंदीच्या काळात पहिलं बक्षीस १,००० डॉलर! ते मिळालं लेक्सिंग्टनच्या मार्गारेट रॉजर्स कॅडेनला, तिचा आठ टोकांच्या ताऱ्यांचा क्विल्ट एलिनॉर रूझवेल्टना भेट दिला गेला. नियम होता की काम स्वतःचं हवं, पण कॅडेननं त्यात एक टाका घातला नव्हता, तिनं पैसे देऊन दुसऱ्या बायकांकडून तो शिवून घेतला होता. त्या बायकांना बक्षिसातलं काही मिळालं नाही, आणि हातचं काम जाईल या भीतीनं त्या गप्प राहिल्या. हे वाचल्यापासून मी पाटीवरचं प्रत्येक नाव पूर्ण वाचते, तुम्हीही वाचा, आणि आपण कुणाकडून क्विल्टिंग करून घेतलं तर तिचं नाव मागच्या पट्टीवर शिवा.

त्याच आठवड्यात रोटरीतर्फे जुन्या क्विल्टचं वेगळं प्रदर्शन असतं ते चुकवू नका. नदीकाठच्या पूरभिंतीवरची रॉबर्ट डॅफर्ड यांची चित्रं म्युझियमपासून चालत जाण्यासारखी आहेत (१९३७ चा महापूर वगैरे सगळा इतिहास त्यात आहे), डोळ्यांना विश्रांती म्हणून दुपारी तिकडे एक चक्कर मारा. कापड घ्यायचं असेल तर हॅनकॉक्स ऑफ पदूका, मोठं दुकान आहे, सकाळी उघडता उघडता जा. आणि क्विल्टसाठी घेताय तर यादी करून जा, किती मीटर, कोणत्या छटा, नाहीतर तिथं मन आवरत नाही, आणि सुती कापड बॅगेत फार पटकन वजन धरतं. ज्यांना विमानानं परतायचंय त्यांनी कापड सरळ पोस्टानं पाठवायचं का ते दुकानातच विचारावं.

म्युझियम आणि प्रदर्शन एकाच दिवशी उरकू नका. डोळे दमले की शेवटचे क्विल्ट सगळे सारखेच वाटायला लागतात आणि ते त्या बनवणारीवर अन्याय करणारं आहे. सकाळी एक, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरं असं ठेवा, सपाट तळव्याचे बूट घाला कारण फरशी कडक असते, आणि म्युझियममध्ये एक स्वेटर जवळ असू द्या, आत गार असतं. चष्मा दोन नंबरांचा असेल तर जवळचा विसरू नका, त्याच्याशिवाय टाके दिसणार नाहीत. कुणी येत्या एप्रिलला जाणार असेल आणि खोलीची सोय व्हायची असेल तर आत्तापासूनच चौकशी सुरू करा.