निकालाच्या आधीचं काम

पुण्यात ऑगस्ट आला की माझं निम्मं लक्ष भरत नाट्य मंदिराकडे लागलेलं असतं. पुरुषोत्तम करंडकाची प्राथमिक फेरी! 1963 पासून चालत आलेली ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा. साधारण 51 संघ उतरतात आणि 9 अंतिम फेरीत जातात. बाकीच्यांची आठवडेच्या आठवडे चाललेली तालीम एकाच प्रयोगात संपते.

आमचा संघ त्या बाकीच्यांतलाच. मी बॅकस्टेजला होते. एका ब्लॅकआउटमध्ये दोन लाकडी खुर्च्या आणि एक टेबल हलवायचं होतं. खुर्ची जरा जरी घासली गेली असती तरी पुढच्या प्रसंगाची शांतता मोडली असती. मग एकाने सायकलची जुनी ट्यूब आणली. तिचे तुकडे कापून आम्ही खुर्च्यांच्या पायांना चढवले, वरून दोऱ्याने आवळले. टेबलाची जागा चिकटपट्टीने आखली आणि विंगेपासून तिथवरची पावलं डोळे मिटून पाठ केली. प्रेक्षकांना यातलं काही दिसत नाही, दिसूही नये. प्रयोगात दिवे आले तेव्हा सगळं जागच्या जागी होतं आणि सभागृह चिडीचूप. अंतिम फेरीच्या यादीत आमचं नाव नव्हतं त्या रात्री मी खूप रडले. तरी ती शांतता आम्ही मिळवली होती, ती कुठल्या यादीवर अवलंबून नव्हती.

जिंकू नये असं मी कधीच म्हणणार नाही. ‘अरे आवाज कुणाचा’ म्हणत घसा बसवून घेण्यात मीही पुढे असायचे. पण 2022 मध्ये परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला आणि करंडक मात्र कुणालाच दिला नाही, तेव्हा शहरभर वाद झाला. त्या मुलांसाठी माझा जीव तुटला. तरीही मला तो निर्णय पटला. पहिलं येणं वेगळं आणि काम कसाला उतरणं वेगळं, हे इतक्या उघडपणे एरवी कोण सांगतं?

आता मी पाणीपुरवठ्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत टेंडरचं काम बघते. सरकारी टेंडरमध्ये बहुतेकदा तांत्रिक छाननीतून पार पडलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम मिळतं. बाकीच्यांची कागदपत्रं फाइलला लागतात. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणतो, “ताई, दर बसणार नाहीये आपला, कशाला जीव काढताय? मागच्या टेंडरचं उचला आणि टाका.” त्याचं मी ऐकत नाही. ज्या गावासाठी पंप मागवलाय त्या गावचं पाणी मागच्या गावासारखं नसतं.

सध्या हातात एका छोट्या गावाचं टेंडर आहे. तलावातून पाणी उचलायचंय. पावसाळ्यातल्या पातळीवर गणित सहज सुटतं, पण मे महिन्यात पाणी खाली गेलं की पंपाला ते जास्त खोलातून ओढावं लागतं. दाब कमी पडला तर आतल्या आत बुडबुडे होऊन फुटतात आणि पंख्याचा धातू कुरतडला जातो. म्हणून मी मे महिन्याची पातळी धरून आकडेमोड पुन्हा मांडली, पंपाची बैठक खाली घेतली आणि ड्रॉइंगही बदलायला लावलं. दर थोडा वाढला. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा ड्रॉइंगकडे पाहिलं आणि सही केली. सोमवारी भरतोय.